मान खाली, मान वर

मागच्या अंकात गुडघ्यांवर लिहिलं आणि टपालातून आली ती बहुतेक मानेची पत्रं. म्हणून या वेळचं सदर सगळं मानेला दिलं आहे. नाशिकला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, बावीस वर्षं झाली. एका हाताने मान धरून, अख्खं अंग वळवून माझ्याकडे बघणारं माणूस दारात उभं राहिलं की अजूनही पोटात कालवतं. दुखण्याइतकीच, कधी दुखण्याहून जास्त, त्यांच्या चेहऱ्यावर भीती असते. मान हलवली तर काहीतरी तुटेल, नस दबेल, हात लुळा पडेल, अशी. पत्रांतही तीच भीती आहे.

प्रश्न : मी घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. वय ४४. तीन महिने झाले, मानेच्या उजव्या बाजूपासून पाठीच्या फऱ्यापर्यंत सारखी ओढ बसते. उजवीकडे मान पुरती वळत नाही. दहा दिवस मशीनचा शेक घेतला. तेवढे दिवस बरं वाटलं, चार दिवसांत पुन्हा तेच. शिवण सोडून देऊ का? (इचलकरंजी)

ताई, शिवण सोडू नका. तुम्ही लिहिलंत त्यात हातापायात मुंग्या नाहीत, हातातली ताकद गेलेली नाही, ताप नाही, रात्री झोपेतून उठवणारी वेदना नाही. हे स्नायूचं दुखणं आहे आणि ते सुटतं.

डावा हात उजव्या खांद्यावरून मागे न्या. फऱ्याच्या हाडाचा वरचा, मणक्याकडचा कोपरा बोटांना लागेल. तिथे दाबलंत की बहुधा तुम्ही "हेच!" म्हणाल. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघालेला एक स्नायू तिथे येऊन चिकटतो. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. मान सरळ असताना ते मणक्यांवर बसलेलं असतं. तुम्ही खाली वाकलात की ते पुढे लोंबतं आणि मागचे स्नायू त्याला दोरीसारखे धरून ठेवतात. दिवसभर धरून ठेवायचं काम केलेला स्नायू संध्याकाळी दुखणारच.

आता तुमच्या कामाकडे बघू. मशीनवर शिवताना मान थोडीच वाकते. खरी वाकते ती फॉल लावताना, हूक लावताना, काजं करताना, कारण तेव्हा कापड मांडीवर असतं. मांडीवर एक जाड उशी आणि तिच्यावर पोळपाट किंवा पाट ठेवा. कापड वीतभर वर आलं की मान तेवढी कमी वाकेल. आणि पत्रात जे नाही ते मी विचारते: चष्मा आहे का? ४४ हे चाळिशी लागण्याचं वय. सुईत दोरा ओवताना कापड डोळ्याजवळ न्यावं लागतं की डोकं कापडाजवळ, हे एकदा लक्ष देऊन बघा. माझ्याकडे येणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या कितीतरी बायकांची मान डोळ्यांमुळे वाकलेली असते. आधी डोळे तपासून घ्या. मग दिवा डाव्या खांद्यावरून येईल असा लावा, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडणार नाही.

शेकाने बरं वाटलं ते खोटं नव्हतं. ऊब मिळाली की स्नायू सैल होतो, त्या दोन-चार तासांत मान मोकळी वळते. घरच्या गरम पाण्याच्या पिशवीनेही हेच होतं, पंधरा ते वीस मिनिटं पुरे. पण स्नायूची ताकद शेकाने वाढत नाही, म्हणून कामाला बसलात की तो पुन्हा थकतो. शेक घेतल्यावरची मोकळी वेळ व्यायामाला वापरायची.

पहिला व्यायाम वळण्याचा. पाठीवर झोपा, डोक्याखाली पातळ घडी. आधी डोळे उजवीकडे न्या, मग डोकं उशीवरून लोळवत तिकडे. दुखायला लागेल तिथे क्षणभर थांबा, श्वास सोडा, परत मध्ये. मग डावीकडे. दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. चांगली मान एका बाजूला साधारण ८० अंश वळते, आणि त्यातलं जवळपास निम्मं वळण वरच्या दोनच मणक्यांमध्ये होतं. उशीवर डोकं टेकलेलं असलं की स्नायूंना वजन धरावं लागत नाही, म्हणून ते घाबरून आखडत नाहीत आणि मणके मोकळे फिरतात.

दुसरा ताणाचा. खुर्चीत बसा, उजव्या हाताने खुर्चीची कड खालून धरा, म्हणजे खांदा वर येणार नाही. आता नाक डाव्या काखेकडे न्या. फऱ्याच्या त्या कोपऱ्यापर्यंत ओढ जाणवली की तिथेच थांबा, तीस आकडे मोजा. तीन वेळा. हाताने डोकं खेचायचं नाही.

तिसरा ताकदीचा, आणि तो चुकवू नका. सायकलची जुनी ट्यूब कापून घ्या. तिच्या मध्यावर दोन्ही पायांनी उभ्या राहा, टोकं दोन हातांत. हात बाजूने, जरासे पुढे ठेवून, खांद्याच्या उंचीपर्यंत हळू वर आणि हळू खाली. सुरुवातीला आठ-दहा वेळा. डेन्मार्कमधला २०११ सालचा एक अभ्यास मी पेशंटना नेहमी सांगते. मान-खांदे दुखणारे १९८ जण होते. एका गटाने रोज २ मिनिटं, दुसऱ्याने १२ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस असाच रबरी पट्टा ओढला. १० आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं. दोन मिनिटं तर कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजताही निघतात.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते व्यायामाआधी होतं तितकं खाली आलं पाहिजे. नाही आलं तर वेळा निम्म्या करा, व्यायाम बंद करू नका. दीड महिना द्या.

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) चालू असताना बाया-माणसं दिवसच्या दिवस मांडवाखाली मान वर करून उभी असतात. संध्याकाळी मान आखडते, डोकं मागून ठणकतं. काहींनी मानेचा पट्टा आणलाय. एक बाई म्हणते, वर बघितलं की गरगरतं. काय करावं? (दिंडोरी)

दादा, मजुरांसाठी पत्र लिहिलंत, याचं मला मोल आहे.

मी आधी माझी चूक सांगते. क्लिनिक सुरू केल्यावर पहिली काही वर्षं मीही मानेला मशीनचा शेक आणि मान ताणायला वजन लावणं, एवढंच प्रामुख्याने करत होते. तुमच्याच भागातली एक बाई विरळणीच्या दिवसांत यायची, कामावरून सुटून जीपने, हाताला अजून पानांचा वास. बारा दिवस मी तिला झोपवून वजन लावलं. बाराव्या दिवशी पदर सारखा करत ती म्हणाली, "मॅडम, हितं बरं वाटतं. उद्या मांडवाखाली गेले की परत तेच." पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर बागेत गेले.

मांडव सगळ्यांना एकाच उंचीचा आणि बाया वेगवेगळ्या उंचीच्या. उंच बाईच्या समोर घड जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत होते. माझी पेशंट सगळ्यांत बुटकी. तिला पार मागे झुकावं लागत होतं. जवळ जाऊन बाजूने बघितलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. तिची छाती वर जातच नव्हती. पाठ पुढे वाकलेली तशीच आणि हनुवटी तेवढी आभाळाकडे. म्हणजे वर बघण्याचं सगळं काम कवटीच्या बुडाशी असलेल्या एक-दोन सांध्यांवर पडत होतं. तिथले छोटे स्नायू तासन्‌तास आवळलेले आणि मागचे सांधे मिटलेले. डोकं मागून ठणकायचं ते याच जागेमुळे. मी बारा दिवस मान ओढत होते आणि इथे रोज आठ तास ती दाबली जात होती.

आम्ही आधी स्टूल आणलं. बागेतल्या भुसभुशीत मातीत त्याचे पाय रुतले आणि ती पडता पडता वाचली. मग माल भरायचे दोन प्लॅस्टिकचे क्रेट पालथे घालून त्यावर फळी टाकली. क्रेटचं बूड पसरट, ते रुतत नाही. वीतभर उंची मिळाली आणि तिची हनुवटी खाली आली. हे तुमच्याकडे उद्या सकाळी करता येईल, खर्च शून्य. फळी हलत नाही ना, हे पाय देऊन तपासा.

बाकीचं असं: एकाच बाईला दिवसभर वरचं काम देऊ नका. वीस-पंचवीस मिनिटं वर, मग तेवढा वेळ खालचं काम, असं आलटून-पालटून लावा. वर बघताना आधी छाती उचलायची, मग मान. हे पहिल्या दिवशी प्रत्येकीला उभं करून दाखवावं लागतं. ओळ संपली की दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफायची, डोक्याचा भार हातांवर टाकायचा आणि हनुवटी हलकेच गळ्याकडे घ्यायची, जणू कुणाला बारीकसं "हो" म्हणतोय. पाच वेळा. हा "हो" घरी झोपूनही करायचा: डोक्याखाली पातळ घडी, हनुवटी हलकी आत, दहा आकडे धरून सोडायची, दहा वेळा. गळ्याच्या पुढच्या बाजूला दोन जाड दोऱ्या ताठ झाल्या तर जोर जास्त लागतोय असं समजा. या व्यायामात मणक्याला पुढून चिकटलेले खोल स्नायू कामाला लागतात. दुखऱ्या मानेत हेच स्नायू आळसावतात आणि बाहेरचे मोठे स्नायू त्यांचंही ओझं उचलत बसतात. ऑस्ट्रेलियात मानेमुळे डोकं दुखणाऱ्या २०० जणांवरचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात या खोल स्नायूंच्या व्यायामाने आणि हाताने केलेल्या उपचाराने डोकेदुखी कमी झाली आणि तो फायदा वर्षभर टिकला.

मानेचा पट्टा काढून टाका. मार लागला असेल किंवा सर्जनने ऑपरेशननंतर सांगितला असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या दुखण्यासाठी पट्टा लावला की स्नायू काम सोडून देतात आणि मान आणखी आखडते.

गरगरणाऱ्या बाईला दोन गोष्टी विचारा. अंथरुणात कूस बदलतानाही घर फिरल्यासारखं होतं का, आणि ते मिनिटाच्या आत थांबतं का? दोन्ही हो असतील तर बहुधा कानाच्या आतले बारीक खडे जागचे हलले आहेत. कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा हे शिकलेला फिजिओ डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते जागी आणतात, पुष्कळदा एक-दोन बैठकींत. पण गरगरण्याबरोबर दोनदोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, घास गिळायला त्रास, तोंड किंवा हात बधिर होणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. तोवर तिला मांडवाखाली आणि फळीवर उभं करू नका.

माझी ती पेशंट अजून विरळणीला जाते. नव्या बाया आल्या की क्रेट ती स्वतः आणून ठेवते.

प्रश्न : वय ३१, हिंजवडीत नोकरी. मान दुखते म्हणून एमआरआय केला. रिपोर्टमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यात डिस्क बल्ज आहे. तेव्हापासून जिम बंद, दुचाकी बंद. व्हॉट्सॲपवर वाचलं की मोबाइल बघताना मानेवर २७ किलो भार पडतो. झोप लागत नाही. (पुणे)

तुमच्या पत्रात दुखण्याबद्दल दोन ओळी आहेत आणि रिपोर्टबद्दल दीड पान. म्हणून आधी रिपोर्ट.

जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १२११ माणसांचा एमआरआय काढला गेला, २०१५ साली तो अभ्यास छापून आला. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या, म्हणजेच डिस्क, फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या मुलामुलींमध्येही चारांतल्या जवळपास तिघांच्या. त्यांना दुखत नव्हतं. केस पिकावेत तशी गादीही वयाने बदलते. रिपोर्टमधला शब्द तुमच्या दुखण्याचं कारण असेलच, असं त्यावरून ठरत नाही.

ते ठरतं तपासणीवर. दुखणं खांद्याखाली हातात उतरतं का? अंगठ्यात मुंग्या येतात, मधल्या बोटात की करंगळीत? यावरून कोणती नस, ते कळतं. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं का? नस चेपलेल्या पेशंटना ही युक्ती कुणी न शिकवता सापडलेली असते. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही, उलट शुक्रवारी संध्याकाळी मान हलकी होते असं लिहिलंय. जवळच्या फिजिओकडून एकदा नीट तपासून घ्या.

२७ किलोचा आकडा २०१४ साली संगणकावर मांडलेल्या गणितातून आला, मान ६० अंश वाकली आहे असं धरून. तो माणसाच्या मानेत यंत्र लावून मोजलेला नाही, आणि एवढ्या भाराने मान झिजते असं त्यातून सिद्ध होत नाही. मान वाकवणं हा गुन्हा नाही. चार तास एकाच कोनात ठेवणं तिला मानवत नाही, मग तो कोन कितीही आदर्श असो. लॅपटॉपखाली चार पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड, एवढं करा. कॉल उभ्याने घ्या. जिम या आठवड्यात पुन्हा सुरू करा, आधीच्या निम्म्या वजनाने, आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. इचलकरंजीच्या ताईंना सांगितलेला ट्यूबचा व्यायाम तुम्हालाही तंतोतंत लागू आहे.

प्रश्न : आमच्या सलूनमध्ये मालीश झाल्यावर दोन्हीकडे मान मोडून देतात. कट्‌ आवाज आला की फार हलकं वाटतं. यात धोका आहे का? (संगमनेर)

आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून ओवल्यासारख्या वर जातात. अचानक झटका बसला तर त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा पस्तिशी-चाळिशीतलं धडधाकट माणूस आडवं होतं. मालीश करून घ्या, डोक्याला आणि खांद्यांना छान वाटतं. मान मोडायला हात आला की "नको दादा" म्हणा. तो आवाज सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा झाल्याचा असतो, काही जागेवर बसल्याचा नव्हे. आम्हीही हाताने मणके मोकळे करतो, पण आधी रक्तदाब, नसा, चक्कर, जुनी दुखापत सगळं बघून, आणि बहुतेक वेळा हळू, लयीत, पेशंट "थांबा" म्हणू शकेल अशा वेगाने.

प्रश्न : उशी घ्यावी की घेऊ नये? (वय ६८, सातारा)

घ्या. कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कान यांमधली जागा भरेल एवढी जाड, पाठीवर झोपत असाल तर त्याहून पातळ. महागड्या उशीची गरज नाही. जुन्या उशीच्या खोळीत टॉवेलची गुंडाळी मानेखाली येईल अशी सरकवून चार रात्री बघा. पोटावर झोपायची सवय मात्र सोडा, त्यात मान रात्रभर एकीकडे वळलेली राहते.

प्रश्न : सासूबाई ६४ वर्षांच्या. मान फारशी दुखत नाही, पण चार महिन्यांपासून ब्लाउजचे हूक लावता येत नाहीत. चालताना झोकांड्या जातात, पायातली चप्पल निसटते ते कळत नाही. मानेचे व्यायाम सांगाल का? (जळगाव जिल्हा)

ताई, तुम्हाला मी पत्र मिळाल्याच्या दिवशीच फोन केला. इथे ते मुद्दाम सांगते, कारण असं पत्र दुसऱ्या कुणाच्या घरातूनही आलं असतं.

फोनवर मी तुम्हाला घड्याळ लावून त्यांच्या मुठी मोजायला सांगितल्या: दहा सेकंदांत जितक्या भराभर जमतील तितक्या वेळा मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची. वीस किंवा जास्त झाल्या पाहिजेत. तुम्ही मोठ्याने मोजत होतात आणि अकरावर वेळ संपली. हूक न लागणं, चप्पल निसटणं, झोकांड्या आणि या अकरा मुठी एकत्र ठेवल्या की मानेत मज्जारज्जूच दबत असल्याची शंका येते. यात दुखणं अनेकदा कमीच असतं, म्हणून घरचे "वयामुळे होतंय" म्हणून थांबतात. अशा मानेला व्यायाम नाही, मालीश नाही, वजन लावणं तर नाहीच. आधी मेंदू-मणक्याचा सर्जन आणि एमआरआय. त्यातही लघवी अडत किंवा नकळत होत असेल तर त्याच दिवशी.

तुम्ही त्यांना दुसऱ्या दिवशी नेलंत, एमआरआयमध्ये तेच निघालं आणि ऑपरेशनची तारीख मिळाली, हे तुमच्या दुसऱ्या पत्रातून कळलं. ऑपरेशनने दाब सुटतो. गेलेली ताकद किती परत येते ते नंतर हळूहळू दिसतं, आणि तिथे आमचं काम सुरू होतं. टाके निघाले आणि सर्जनने परवानगी दिली की मला फोन करा. त्यांचा एक जुना ब्लाउज बाजूला काढून ठेवा, मोठ्या हुकांचा. आपण त्याच्यापासून सुरुवात करू.